उसना नेलेला लेसुंग

मी एक जुना लेसुंग आहे आणि मी माझ्या जागेवर परत आलो आहे.

मित्रांनो, वरचे वाक्य तुम्ही वाचलेले नाही. तसे काही घडलेले नाही. मी परत आलो नाही, कारण मी कधी गेलोच नव्हतो. आमच्या सेंदांगवुनी गावच्या लुराहने, म्हणजे सरपंचाने, हे भर चौकात जाहीर केले आहे. तेव्हा आपण मुळापासून सुरुवात करू. तुम्ही फक्त चेहरा कोरा ठेवा. आमच्या गावात सगळे तसाच ठेवतात.

लेसुंग म्हणजे भात कांडायचे लाकडी उखळ. तुमच्याकडचे उखळ बसके असते. मी होडीसारखा लांब, आडवा. पण आडवा आहे म्हणजे झोपलेला नाही. मी रागावलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा मायाळू असतात. फाटकी छत्री काय, मोडकी खुर्ची काय, शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मला ते जमणार नाही. माझ्या पोटाला भोक आहे.

माझा जन्म झऱ्याकाठच्या फणसातून झाला. म्बाह त्रुनो, म्हणजे त्रुनो आजोबा, नावाच्या म्हाताऱ्या सुताराने झाड तोडण्याआधी बुंध्याशी भाताचा ढीग आणि अख्खी भाजलेली कोंबडी मांडली आणि झाडाची परवानगी मागितली. मग तो उत्तराची वाट पाहत बसला. झाड काही बोलले नाही. म्बाह त्रुनोने शेजाऱ्यांना बोलावले, सगळ्यांनी मिळून कोंबडी संपवली आणि मग कुऱ्हाड उचलली. निदान त्याने विचारले तरी. पुढे मला ज्याने भोक पाडले, त्याने आधी साधे खाकरण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

म्बाह त्रुनोने मला वाकसाने पोखरले. थोडे तासायचे, टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा तासायचे. काठ पातळ ठेवला, पोट जाड. त्यामुळे माझ्या प्रत्येक ठिकाणाला आपापला आवाज मिळाला. काठावर मुसळ आपटले की टक्, टोकाला टोंग, आणि पोटात मारले की दुम्. तो दुम् पलीकडच्या टेकडीवरून परत यायचा. गावातल्या कुणाचाही शब्द त्या टेकडीने कधी परत केलेला नाही. फक्त माझा केला.

मला झऱ्याच्या वाटेवर ठेवले आणि त्याबरोबर ती जागा बायकांची झाली. आमच्याकडे हा नियमच आहे. जिथे लेसुंग असतो ती जागा कांडणाऱ्या बायकांची. तिथे कुणी पीक घेत नाही, कुंपण घालत नाही, कुणा पुरुषाचे नाव लावत नाही. माझ्या मागे म्बाह वागिराहचे घर होते. ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली, तिला अजून कुणी म्बाह म्हणत नसे; आमच्याकडे आजोबाही म्बाह आणि आजीही म्बाह. तिचे दार माझ्याच जागेवर उघडायचे. दारातून निघायचे, माझ्या काठावरून हात फिरवायचा आणि झऱ्यावर पाणी भरायला जायचे. दुसरी वाट नव्हती. घराच्या मागे खोल घळ होती आणि घळीत फक्त शेळ्या उतरत, त्याही कुरकुरत.

काय दिवस होते! पहाट झाली की बायका मुसळे घेऊन जमायच्या. वागिराह पहिला ठोका द्यायची, मग बाकीच्या एकेक करून शिरायच्या. कांडणाची लय आणि गावातल्या चुगल्या एकाच वेळी चालायच्या. वागिराहचा हात भारी होता.

"वागिराह, जरा बेतानं गं," शेजारीण म्हणायची, "भात सडायचाय. हा तुझा नवरा नव्हे."

"नवरा असता तर एव्हाना पांढराशुभ्र निघाला असता," वागिराह म्हणायची आणि आणखी जोरात मारायची.

लग्न असले की मला भाताशिवाय नुसताच वाजवायचे. आणि ग्रहण लागले की काल्याला हुसकायला वाजवायचे. काला हा राक्षस. त्याला फक्त डोके आहे, पोट नाही, तरी सूर्य-चंद्र गिळायची त्याची हौस जात नाही. माझा आवाज ऐकला की त्याला उचकी लागते आणि तो घास बाहेर पडतो. ग्रहणाच्या वेळी आमच्याकडे कुणाचे दार कुणाला बंद नसते. ज्याला जे लाकूड हाताशी लागेल ते त्याने बडवावे. कुणाला विचारत बसायचे नाही. सूर्य आत चाललेला असताना 'येऊ का?' म्हणत उंबऱ्यात थांबणारा माणूस मूर्ख समजला जातो. मित्रांनो, हे लक्षात ठेवा.

मग गावात भात सडायची गिरणी आली. ती दिवसभर खोकायची आणि धूर ओकायची. तिला कुणी लग्नाला बोलावले नाही, तरी भात तिच्याकडे गेला. माझ्यात कोंबड्या बसू लागल्या. मी त्याबद्दल तक्रार करणार नाही. कोंबडीला निदान आपण कशात बसलो आहोत हे ठाऊक असते.

त्यानंतर गावात पर्यटन आले.

राजधानीतल्या कुणा मालकाने माझ्या तिन्ही बाजूंची शेते घेतली. तो मालक आजवर कुणी पाहिलेला नाही. माझा तर संशय आहे की त्यालाही फक्त डोकेच असावे. शेतात विला उभा राहिला. त्याच्या नावाचा अर्थ 'शांतता' असा होतो. पाहुण्यांनी तक्रार केली की बेडूक फार ओरडतात. म्हणून औषध मारून बेडूक संपवले. मग पाहुण्यांनी तक्रार केली की खेड्यासारखे वाटत नाही. म्हणून झाडाझाडावर कर्णे बसवले आणि त्यांतून बेडकांचा आवाज सोडला. हा आवाज दुसऱ्याच कुठल्या देशातल्या बेडकांचा होता. आमच्याकडे उरलेला एकमेव बेडूक तो ऐकून गोंधळला आणि गाव सोडून गेला.

विलाचा व्यवस्थापक गालुह नावाचा तरुण होता; अशा तरुणाला आमच्याकडे मास, म्हणजे दादा, म्हणतात. स्वच्छ, हसरा, केसांना तेल. एके दिवशी तो वागिराहच्या दारात आला.

"म्बाह, उद्घाटनापुरता तुमचा लेसुंग मिळेल का? फोटोत छान दिसेल."

"न्या की, मास गालुह. त्यात विचारायचं काय?"

शेजारची सामिनी तिथेच सूप घेऊन बसली होती. तिने वागिराहला कोपराने ढोसले. "म्बाह, अहो..."

"गप गं, सामिनी. मागणाऱ्याला नाही म्हणायला आपण काय शहरात राहतो?"

मला गाडीत घातले. उद्घाटन झाले. भाषणे झाली. गाडी मला न्यायला पुन्हा आलीच नाही.

आता आमच्या गावाची एक खोड सांगतो. तिच्यावरून माझे डोके अजून फिरते. उसने दिलेले आम्ही तोंडाने परत मागत नाही. मागणारा निर्लज्ज ठरतो. त्याऐवजी ज्याने वस्तू नेली त्याच्या घरी खाऊ पाठवायचा. पहिल्यांदा गोड. वस्तू नाही आली, तर पुढच्या वेळी कमी गोड. तरी नाही आली, तर बिनमिठाचे. आमच्याकडे बिनमिठाचा घास तोंडात गेला की माणूस घास तसाच गालात धरून उसनी कुदळ परत द्यायला धावतो. त्यापलीकडे कधी कुणाला जावे लागलेले नाही.

वागिराहने केळीच्या पानात वाफवलेली गोड नागासारी पाठवली. सामिनी देऊन आली.

"काय म्हणाला गं?"

"थँक्यू म्हणाला. उद्या जरा जास्त आणा म्हणाला, पाहुणे वाढलेत."

वागिराहने कमी गोड पाठवली. विलाच्या न्याहारीच्या फळ्यावर लिहिले गेले, 'गावकऱ्यांची रोजची प्रेमळ भेट'. तिने दात आवळून बिनमिठाचे पाठवले. एका पाहुणीने ते खाल्ले आणि डोळे मिटून म्हणाली की किती शुद्ध चव आहे. शेवटी वागिराहने तो टोकाचा अपमान केला, जो गावात कुणी कुणाचा केला नव्हता. तिने माती न झटकलेला कच्चा कसावा पाठवला. दोन घराणी पिढ्यान् पिढ्या बोलणार नाहीत, एवढा तो अपमान मोठा होता. गालुहने तो कंद काचेच्या वाडग्यात ठेवला, वर दिवा सोडला आणि स्वागतकक्षाची शोभा वाढवली.

तोपर्यंत माझे काय झाले होते? मित्रांनो, मी बेसिन झालो होतो.

मला उपाहारगृहाच्या हात धुण्याच्या जागी बसवले. एका माणसाने यंत्र आणले, माझ्या पोटावर टेकवले आणि बटण दाबले. म्बाह त्रुनोने टिचकी मारमारून जे पोट राखले होते, त्यातून भुसा उडाला. तो भुसा त्याने फुंकरीने उडवून लावला. मग भोकात पाणी वर सोडणारी पितळी नळी घातली आणि अंगाला चकचकीत व्हॉर्निश फासले. शेजारी पाटी लावली की या पात्रात जुन्या काळी राजकन्या स्नान करीत. माझी रुंदी पाहता ती राजकन्या एका पायाची असावी. मी कोणाला काय बोलणार? एक परदेशी काका माझ्यात दाढी करत. त्यांचे खुंट माझ्या काठाला चिकटत, जिथे आधी तांदळाचा कोंडा चिकटायचा.

सामिनीला विलात साफसफाईचे काम मिळाले. ती मला पुसायची आणि पुसता पुसता गावातले सांगायची. तिच्याचकडून मला कळले की मी हललो त्याच आठवड्यात माझ्या जागेभोवती बांबूचे कुंपण पडले. 'वाहनतळ' अशी पाटी लागली. वागिराहची झऱ्याची वाट बंद झाली. ती लुराहकडे, पाक मार्सुदीकडे गेली; पाक म्हणजे आमच्याकडचे 'साहेब'. सामिनी सोबत होती. तिने दोघांचे आवाज काढून मला सगळे ऐकवले.

"पाक लुराह, कुंपण माझ्या दारात आलंय."

"दारात नाही, म्बाह, दारापुढे. दारात असतं तर मी स्वतः उपटलं असतं."

"जागा बायकांची आहे."

"होती ना! लेसुंग होता तोवर होती. तुमचाच नियम. आता तिथं लेसुंग दिसतोय का?"

"उसना दिलाय."

"मग मागा की परत. अडवलंय कुणी?"

सामिनी म्हणाली, म्बाहचा चेहरा असा झाला की जणू भर बाजारात लुगडे सोडायला सांगितले. "मी मागू? तोंडानं?"

"नाही जमत? मग राहू दे," पाक मार्सुदी म्हणाला आणि त्याने तिला बसून चहा घ्यायचा आग्रह केला. तिने बसून चहा घेतला. आमच्या गावात नाही म्हणत नाहीत.

हे ऐकून मी संतापलो. गालुहवर तर होतोच, लुराहवर त्याहून जास्त. कारण गालुहला नियम ठाऊक नव्हता. पाक मार्सुदीला तो पाठ होता. त्याची आई माझ्या काठाशी मुसळ मारायची आणि तो माझ्या टोकाला बांधलेल्या झोळीत झोपायचा. वागिराह तोंडाने मागणार नाही, यावरच त्याने कुंपणाचे खांब रोवले होते. आणि मित्रांनो, मी वागिराहवरही संतापलो. एक शब्द, बाई! 'द्या' एवढाच! एक नागासारी गिळायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही त्याला!

ती घळीतून पाणी आणू लागली. पावसाने माती निसटली होती. एकदा पाय घसरला, पाण्याचा डबा खाली गडगडत गेला आणि तिचा घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला. सामिनी दोन्ही घरांचे पाणी भरू लागली. "म्हातारी म्हणते, मुलाकडे शहरात जाऊन राहते," सामिनी माझा काठ घासत म्हणाली. "घर विलाला देऊन टाकते. उगाच शिणू नको म्हणे माझ्यापायी. ऐकलंस का रे लाकडा?" आणि तिने फडका माझ्यातच आपटला.

मग ग्रहण आले. भर दिवसाचे, सूर्याचे, अर्धा घास घेणारे.

विलाने त्याचा समारंभ केला. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या. पाहुण्यांना ग्रहण पाहायचे काळे चष्मे वाटले. पाक मार्सुदी प्रमुख पाहुणा म्हणून बाटिकचा नवा सदरा घालून पुढच्या रांगेत बसला. गालुहने सर्वांना बजावले की चष्मा क्षणभरही काढू नका, डोळे जातील. त्या चष्म्यांची खुबी अशी की त्यांतून सूर्य तेवढा दिसतो. बाकी जगातले काहीही दिसत नाही. असा चष्मा लुराह लोकांना एरवी मागूनही मिळत नाही.

काल्याने पहिला लचका तोडला आणि विलाच्या फाटकाशी मुसळे घेतलेल्या बायका येऊन उभ्या राहिल्या. पुढे वागिराह. मुसळाचा आधार घेत, लंगडत.

फाटकावरचा रखवालदार गावातलाच होता. तो सवयीने म्हणाला, "पास आहे का, म्बाह?"

"वर बघ," वागिराह म्हणाली. "तो पास काढून आलाय का?"

रखवालदाराने वर पाहिले आणि त्याचा रंग उडाला. "जा, जा आत, लवकर वाजवा! आमची गरोदर आहे, सकाळपासून पलंगाखाली बसलीय!" त्याने फाटक उघडले, स्वतःची काठी घेतली आणि फाटकालाच बडवू लागला.

बायका सरळ माझ्याकडे आल्या. कुणाला विचारले नाही. ग्रहणात विचारायचे नसते. वागिराहने काठावरून हात फिरवला, व्हॉर्निशवर हात घसरला तेव्हा कपाळाला आठी घातली, आणि मुसळ उचलून माझ्या पोटात पहिला ठोका दिला.

मी सगळे बळ एकवटले. टेकडीवरून परत येणारा दुम् मला द्यायचा होता.

फस्, असा आवाज आला. दाढीच्या फेसासारखा.

वागिराह थांबली. तिने आत हात घातला, बोटांनी चाचपले. नळी लागली. ती हळूच म्हणाली, "भोक पाडलंय गं ह्याला." मग तिने मुसळ दोन्ही हातांनी धरले आणि आयुष्यभर साठवलेले सगळे 'नाही' त्या नळीवर घातले. नळी तुटली. पाण्याचा फवारा छताला लागला. बाकीच्या बायका काठावर आणि टोकाला तुटून पडल्या. पोटाचा आवाज नव्हता, पण राग होता. काल्याला तोही पुरतो.

बाहेर पाहुणे चष्मे न काढता टाळ्या वाजवू लागले. "आमचा खास सांस्कृतिक कार्यक्रम!" गालुह आकाशाकडे तोंड करून ओरडला. तो कोणी ठरवला हे त्यालाही माहीत नव्हते.

सूर्य सुटू लागला. बायकांनी मुसळे माझ्याखाली घातली, ओढण्यांनी बांधले आणि जनाजा उचलावा तसा मला खांद्यावर घेतला. आम्ही भर हिरवळीवरून गेलो. गालुहच्या पाठीमागून. पाक मार्सुदीच्या अगदी गुडघ्यांना घासून. माझ्यातले पाणी त्याच्या नव्या सदऱ्यावर ठिबकले. त्याने मान हलवली नाही आणि चष्मा काढला नाही. आमच्या वाटेत बांबूचे कुंपण आले, तेव्हा रखवालदार म्हणाला, "जरा थांबा," आणि लाथ घातली. ग्रहण अजून चालू होते.

संध्याकाळी गाव माझ्याभोवती जमले. पाक मार्सुदीही आला. ग्रहण केव्हाच संपले होते, चष्मा त्याच्या नाकावर तसाच होता. मी परत आलो असे म्हणावे, तर मी गेलो होतो हे आले. मग कुणी नेला, कुंपण कुणी घातले, हेही आले. त्याने घसा साफ केला आणि जाहीर केले की लेसुंग इथेच होता, कधी हललाच नाही.

"असं होय?" वागिराह माझ्या काठावर टेकत म्हणाली. "मग मधे कुंपण कुणी घातलं, पाक लुराह?"

"कुंपण? लेसुंग इथंच असताना कुंपण कोण घालेल? कुठाय कुंपण?"

"मला तर दिसतंय."

"मला नाही दिसत," तो म्हणाला. ते खरेच होते.

जे नाही ते कुणी चोरू शकत नाही. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या चुली त्या नसलेल्या बांबूंवर पेटल्या. वाहनतळाच्या पाटीवर कोंबड्यांचे दाणे ठेवतात. विलाने राजकन्येसाठी सिमेंटचे नवे पात्र आणले, पाटी तीच आहे. वागिराह शहरात गेली नाही. ती दारातून निघते, माझ्या काठावरून हात फिरवते आणि लंगडत झऱ्यावर जाते. मुसळ आता तिच्या हातातून सुटत नाही.

मित्रांनो, उसनी आणलेली वस्तू परत करा. मालक मागत नाही म्हणजे त्याने ती दिली असे नाही. आणि तुमची वस्तू असेल तर मागा. तोंडाने मागा, मोठ्याने मागा. मी लाकूड असून एवढे बोललो. माझ्या भोकात सामिनीने नारळाच्या करवंटीचा तुकडा ठोकला आहे. तांदूळ गळत नाहीत. पण पोटात मारले की फस् होते, आणि टेकडी आता माझाही शब्द परत करत नाही. म्हणून खालील अर्ज.

प्रति, माननीय लुराह, सेंदांगवुनी. अर्जदार: लेसुंग, राहणार बायकांची जागा. महोदय, मी माझ्या जागेवरून कधीच हललो नसल्याचे आपण जाहीर केले आहे. सबब माझ्या पोटास भोक पडणे शक्य नाही, हे आपणास मान्य असेलच. तरी सदर न पडलेल्या भोकातून निघालेला आणि फुंकरीने उडवलेला भुसा गोळा करून, जसा होता तसा, जिथे होता तिथे बसवून मिळावा, ही नम्र विनंती. तो उसना गेलेला आहे.

सोबत: केळीच्या पानात, बिनमिठाचे.